गुन्हे नोंदणी, तपास आणि विकास : पोलीस कार्याचा आर्थिक विचार

विकासाच्या पायाभूत सुविधा म्हटल्या की रस्ते, वीज, पाणी, शाळा आणि दवाखाने यांची नावे चटकन समोर येतात. पोलीस ठाण्याचा उल्लेख मात्र या यादीत सहसा होत नाही. वास्तविक रात्रपाळी संपवून घरी परतणारी कामगार स्त्री, विश्वासावर माल उधार देणारा दुकानदार आणि आयुष्यभराची बचत मोबाइलवरून हाताळणारा निवृत्त शिक्षक हे सर्वजण एका गोष्टीवर विसंबून असतात. आपल्यावर अन्याय झाला तर कोणीतरी त्याची दखल घेईल, ही ती गोष्ट होय. हा विश्वास डळमळला की स्त्रिया रात्रपाळीच्या नोकऱ्या नाकारतात, व्यापारी रोखीचाच आग्रह धरतात आणि उद्योजक गुंतवणूक लांबणीवर टाकतात. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सुरक्षितता ही 'सार्वजनिक वस्तू' आहे. ती बाजारात विकत घेणे मोजक्यांनाच परवडते. श्रीमंतांच्या वसाहतींना खाजगी सुरक्षारक्षक नेमता येतात. झोपडपट्टीतील किंवा दुर्गम गावातील कुटुंबाला मात्र पोलीस ठाण्यावाचून दुसरा आधार नसतो. म्हणूनच पोलिसांची कार्यक्षमता हा कायदा व सुव्यवस्थेइतकाच सामाजिक न्यायाचाही प्रश्न आहे.

ही कार्यक्षमता मोजावयाची कशी? सर्वसाधारणपणे गुन्ह्यांचा आकडा वाढला की पोलिसांवर टीका होते आणि तो घटला की त्यांची पाठ थोपटली जाते. वरवर योग्य वाटणारी ही मोजपट्टी सदोष असून तिचे दुष्परिणाम थेट सामान्य तक्रारदाराला भोगावे लागतात. ते कसे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आकडे काय सांगतात?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार 'पोलीस' आणि 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे विषय राज्यसूचीत येतात. तथापि देशभरातील गुन्ह्यांची आकडेवारी एकत्र करून प्रसिद्ध करण्याचे काम केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय गुन्हे नोंद केंद्र करते. या केंद्राची स्थापना १९८६ मध्ये झाली. 'भारतातील गुन्हे' हा वार्षिक अहवाल त्याच्याही आधीपासून, म्हणजे १९५३ या वर्षापासून उपलब्ध आहे.

या अहवालात केवळ दखलपात्र गुन्हे येतात. ज्या गुन्ह्यात पोलिसांना दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास सुरू करता येतो, तो दखलपात्र गुन्हा होय. शिवाय एकाच घटनेत अनेक गुन्हे घडले असल्यास त्यांतील सर्वांत गंभीर गुन्हा तेवढा मोजला जातो. उदाहरणार्थ, बलात्कार करून खून झाल्यास ती घटना खून या सदरात जाते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे आकडे घडलेल्या गुन्ह्यांचे नसून नोंदल्या गेलेल्या गुन्ह्यांचे असतात. घडलेला गुन्हा आणि नोंदलेला गुन्हा यांतील अंतर लक्षात घेतल्याशिवाय या आकड्यांचा अर्थ लावता येत नाही.

२०२० या वर्षाचे उदाहरण बोलके आहे. २०१९ मध्ये देशात सुमारे ५१.६ लाख दखलपात्र गुन्हे नोंदले गेले होते. २०२० मध्ये हा आकडा ६६ लाखांवर गेला, म्हणजे एका वर्षात सुमारे २८ टक्क्यांनी वाढला. देशात गुन्हेगारीची लाट आली होती काय? वस्तुस्थिती तशी नव्हती. टाळेबंदीमुळे लोक घरातच होते आणि चोऱ्यांचे प्रमाण त्या वर्षी बरेच घटले होते. वाढले होते ते टाळेबंदीच्या आदेशांच्या उल्लंघनाचे गुन्हे. सरकारी अधिकाऱ्याच्या आदेशाची अवज्ञा या एकाच सदरातील गुन्हे २९,४६९ वरून ६,१२,१७९ वर पोहोचले. एकूण आकडा फुगला तो मुख्यतः अशा नोंदींमुळे.

याउलट खुनाचा आकडा तुलनेने विश्वासार्ह मानला जातो, कारण मृतदेह लपविणे किंवा खुनाची नोंद टाळणे कठीण असते. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी देशात दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला चारांहून अधिक खून होत असत. २०२३ मध्ये २७,७२१ खुनांची नोंद झाली आणि हे प्रमाण लाखामागे सुमारे दोनवर आले. त्याच वर्षी एकूण दखलपात्र गुन्हे मात्र ६२.४ लाख होते. एकूण नोंदी वाढत असताना सर्वांत गंभीर हिंसेचे प्रमाण निम्म्यावर येते, तेव्हा एकूण आकड्यावरून समाजाची सुरक्षितता जोखता येत नाही हे उघड आहे.

न नोंदलेले गुन्हे

चोरीसारख्या गुन्ह्यांत तर नोंद हा अपवादच म्हणावा लागेल. दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि बंगळूरु या चार महानगरांतील कुटुंबांची पाहणी आयडीएफसी संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. चोरीची झळ बसलेल्यांपैकी एक-दशांशाहूनही कमी जणांच्या बाबतीत प्रथम खबर, म्हणजेच एफआयआर, नोंदली गेल्याचे त्यात आढळले. अनेकजण ठाण्याची पायरीच चढत नाहीत. जे चढतात त्यांतील कित्येकांची बोळवण साध्या अर्जावर किंवा 'वस्तू गहाळ' अशा दाखल्यावर होते.

येथे आपण प्रोत्साहनांचा विचार करू. ज्या ठाण्याच्या हद्दीत गुन्हे वाढलेले दिसतात, तेथील प्रभारी अधिकाऱ्याला वरिष्ठांच्या बैठकीत जाब द्यावा लागतो. नोंदलेला प्रत्येक गुन्हा म्हणजे पंचनामा, जबाब, मुद्देमालाची नोंद आणि न्यायालयाच्या फेऱ्या. नोंद टाळली तर काम वाचते आणि आकडाही 'सुधारतो'. मोजपट्टीच अशी असल्यावर प्रामाणिकपणे प्रत्येक तक्रार नोंदविणारा अधिकारी अकार्यक्षम ठरतो आणि तक्रारदाराला परत पाठविणारा कार्यक्षम. यात व्यक्तींचा दोष कमी असून व्यवस्थेच्या रचनेचा अधिक आहे.

याची सर्वांत मोठी झळ दुर्बळांना बसते. ज्याची ओळख आहे, ज्याला लिहिता-वाचता येते, ज्याच्यासोबत वकील आहे, त्याची तक्रार नोंदली जातेच. मजूर, घरकाम करणारी स्त्री, परप्रांतातून आलेला कामगार यांना मात्र 'उद्या या' हे उत्तर अधिक वेळा ऐकावे लागते. मजुराच्या दृष्टीने ठाण्यातील प्रत्येक फेरी म्हणजे बुडालेला रोज होय. चोरीला गेलेली सायकल हेच ज्याचे उत्पन्नाचे साधन आहे, त्याने दोन फेऱ्यांनंतर नाद सोडून दिला तर त्यात नवल नाही.

शिक्षेची तीव्रता की निश्चिती?

गुन्हे रोखण्यासाठी शिक्षा अधिक कडक करावी, अशी मागणी वारंवार होते. इटालियन विचारवंत चेझारे बेकारिया यांनी १७६४ मध्येच असे प्रतिपादन केले होते की, गुन्हा रोखण्यात शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिच्या निश्चितीचे महत्त्व अधिक आहे. पुढे १९६८ मध्ये अमेरिकन अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी या विषयाला आर्थिक विश्लेषणाची चौकट दिली. गुन्ह्यापासून होणारा लाभ, पकडले जाण्याची शक्यता आणि होणारी शिक्षा यांचा हिशेब गुन्हेगार करीत असतो, असे गृहीत धरून त्यांनी मांडणी केली. बेकर यांना १९९२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एका काल्पनिक उदाहरणाने हा मुद्दा स्पष्ट होईल. समजा, एका शहरात १०० चोऱ्या झाल्या. त्यांपैकी १० नोंदल्या गेल्या, ३ प्रकरणांत आरोपपत्र दाखल झाले आणि एकात तीन वर्षांची शिक्षा झाली. शिक्षेची शक्यता शंभरात एक. तीन वर्षांचा, म्हणजे सुमारे १,१०० दिवसांचा शंभरावा भाग ११ दिवस होतो. चोराच्या हिशेबात एका चोरीची 'अपेक्षित शिक्षा' एवढीच ठरते. आता कायद्यातील शिक्षा दुप्पट केली, तरी ती २२ दिवसांपलीकडे जात नाही. त्याऐवजी शिक्षा तीच ठेवून १०० पैकी ४० चोऱ्या नोंदल्या गेल्या, त्यांतील निम्म्यांत म्हणजे २० प्रकरणांत आरोपपत्र गेले आणि त्यांच्या निम्म्यांत म्हणजे १० प्रकरणांत दोष सिद्ध झाला, तर अपेक्षित शिक्षा दहापट होऊन ११० दिवसांवर जाते. शिवाय दूरच्या व अनिश्चित शिक्षेपेक्षा जवळच्या व निश्चित शिक्षेचा धाक अधिक असतो, हा अनुभवही याला पूरक आहे.

नोंदणी, तपास आणि दोषसिद्धी या तीन पायऱ्यांचा येथे गुणाकार होतो. एक पायरी ढासळली की इतर दोन कितीही भक्कम असल्या तरी उपयोग होत नाही. त्यातही नोंदणी ही पहिली आणि सर्वांत कमी खर्चाची पायरी आहे. नोंद झाल्याशिवाय एकाच टोळीने पाच ठाण्यांच्या हद्दीत केलेल्या चोऱ्यांतील साम्य कोणाच्याही लक्षात येणार नाही.

तपासाच्या पायरीवर आज काय स्थिती आहे? २०२२ मध्ये भारतीय दंड संहितेखालील गुन्ह्यांत आरोपपत्र दाखल होण्याचे प्रमाण ७१.३ टक्के होते आणि न्यायालयात निकाली निघालेल्या खटल्यांत दोषसिद्धीचे प्रमाण ५४.२ टक्के होते. ही सरासरी समाधानकारक वाटली, तरी चोरीच्या प्रकरणांत चित्र बरेच निराशाजनक आहे. दुसरीकडे, २०२२ अखेर देशातील तुरुंगांत असलेल्या ५.७३ लाख बंद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते. म्हणजे सिद्ध दोषाची शिक्षा अनिश्चित, तर दोष सिद्ध होण्यापूर्वीचा कारावास मात्र निश्चित, अशी उलटी स्थिती दिसते.

ठाण्यातील वास्तव

पोलीस संशोधन व विकास केंद्राच्या आकडेवारीनुसार १ जानेवारी २०२० रोजी राज्यांतील पोलीस दलांची मंजूर पदे २६.२३ लाख होती. त्यांपैकी ५.३१ लाख पदे, म्हणजे सुमारे एक-पंचमांश, रिक्त होती. दलात स्त्रियांचे प्रमाण १०.३ टक्के होते. 'कॉमन कॉज' आणि 'लोकनीती' यांच्या २०१९ च्या अहवालानुसार पोलीस कर्मचारी दररोज सरासरी १४ तास काम करतात आणि निम्म्या कर्मचाऱ्यांना साप्ताहिक सुटी मिळत नाही.

मनुष्यबळाची ही टंचाई तपासावर कशी परिणाम करते, हे पाहण्यासारखे आहे. ठाण्यातील अधिकाऱ्याच्या टेबलावर घरफोडीचा तपास असतो. तेवढ्यात मिरवणुकीचा बंदोबस्त लागतो, मग मंत्र्यांचा दौरा, मग निवडणूक, मग परीक्षा केंद्र. बंदोबस्त आजच्या आज करावा लागतो, तपास उद्यावर ढकलता येतो. घटनास्थळावरील बोटांचे ठसे मात्र उद्यापर्यंत थांबत नाहीत. साक्षीदाराची स्मृती पुसट होते आणि कॅमेऱ्यातील चित्रण काही दिवसांनी आपोआप नाहीसे होते.

तपास आणि बंदोबस्त यांची फारकत करावी, ही शिफारस यातूनच पुढे आली. १८६१ च्या पोलीस कायद्याने घडविलेल्या व्यवस्थेचा फेरविचार करण्यासाठी १९७७ मध्ये धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमण्यात आला. आयोगाने १९८१ पर्यंत आठ अहवाल सादर केले. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांनी १९९६ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी सात निर्देश दिले. प्रमुख अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, बदल्या व नेमणुकांसाठी आस्थापना मंडळ, स्वतंत्र तक्रार प्राधिकरण आणि दहा लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांपासून प्रारंभ करून तपास व सुव्यवस्था यांची विभागणी, हे त्यांतील महत्त्वाचे होत. या निर्देशांची अंमलबजावणी राज्याराज्यांत असमान राहिली आहे.

दोन प्रयोगांचे धडे

सुधारणा शक्य आहे काय, या प्रश्नाचे उत्तर देणारे दोन अभ्यास आपल्याच देशात झाले आहेत. पहिला राजस्थानातील. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, पोलीस सेवेतील अधिकारी नीना सिंह आणि त्यांचे सहकारी यांनी राजस्थान पोलिसांच्या सहकार्याने १६२ ठाण्यांत हा प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठाणी निवडून काहींत सुधारणा लागू करावयाच्या आणि उर्वरित ठाण्यांशी तुलना करावयाची, अशी पद्धत होती. तपासकौशल्याचे व सौजन्यपूर्ण वर्तनाचे प्रशिक्षण स्पष्टपणे परिणामकारक ठरले. क्षेत्रीय पाहणी करणाऱ्यांनी सामान्य तक्रारदार बनून ठाण्यात जाण्याचा उपक्रमही फलदायी ठरला. समोरचा माणूस खरा तक्रारदार की निरीक्षक, हे माहीत नसल्यामुळे तक्रारदारांना मिळणारी वागणूक सुधारली. साप्ताहिक सुटी आणि नागरिक निरीक्षक या योजना मात्र मधल्या फळीच्या उदासीनतेमुळे नीट राबविल्या गेल्या नाहीत. कागदावरची सुधारणा आणि ठाण्यातील सुधारणा यांतील अंतर येथे दिसते.

दुसरा अभ्यास मध्य प्रदेशातील असून तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. १८० ठाण्यांच्या या प्रयोगात काही ठाण्यांत महिला साहाय्य कक्ष स्थापन करण्यात आले. या ठाण्यांत स्त्रियांच्या तक्रारींची नोंद वाढली आणि जेथे कक्षाची धुरा महिला अधिकाऱ्यांकडे होती, तेथे हा परिणाम ठळक होता. आता कल्पना करा की, या ठाण्यांचे मूल्यमापन केवळ गुन्ह्यांच्या आकड्यावरून केले असते तर काय झाले असते? स्त्रियांवरील गुन्हे वाढले, असा निष्कर्ष काढून उत्तम काम करणाऱ्या ठाण्यांनाच दोष दिला गेला असता.

कायद्यातील बदल

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिताकुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी असा निर्णय दिला की, दखलपात्र गुन्हा उघड होत असल्यास प्रथम खबर नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत या दिशेने काही तरतुदी आहेत. हद्द कोणतीही असली तरी कोणत्याही ठाण्यात खबर देता येते. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून खबर पाठवून तीन दिवसांत स्वाक्षरी करण्याची सोय आहे. प्रथम खबरीची प्रत विनामूल्य मिळणे हा हक्क आहे आणि तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत तक्रारदारास वा पीडितास कळविणे आवश्यक आहे. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जावे, असेही संहितेत म्हटले असून ते लागू करण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. याच संहितेने तीन ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची मुभा दिली आहे. ही मुभा नोंद लांबविण्याचे निमित्त होऊ नये, यावर लक्ष ठेवावे लागेल.

कायद्याला निधीची जोड लागते. पोलीस दलांच्या आधुनिकीकरणासाठी केंद्राने २०२१-२२ ते २०२५-२६ या कालावधीकरिता २६,२७५ कोटी रुपयांची छत्र योजना मंजूर केली होती. न्यायवैद्यक सुविधांच्या विस्तारासाठी २०२४ मध्ये २,२५४ कोटी रुपयांची पाच वर्षांची योजना मंजूर झाली. मात्र प्रयोगशाळा बांधणे सोपे, तज्ज्ञ घडविणे वेळखाऊ. पदे भरली नाहीत तर उपकरणे धूळ खात पडतील.

सायबर गुन्ह्यांची कसोटी

नोंदणीतील दरी सर्वांत रुंद दिसते ती सायबर गुन्ह्यांत. १९३० हा मदत क्रमांक आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल यांवर २०२३ मध्ये सुमारे १५.९६ लाख तक्रारी आल्या. त्याच वर्षी देशभर नोंदले गेलेले सायबर गुन्हे होते ८६,४२०. प्रत्येक तक्रार दखलपात्र गुन्ह्याची नसते आणि एका गुन्ह्यात अनेक तक्रारी सामावू शकतात, हे मान्य केले तरी ही तफावत फार मोठी आहे. संसदेत देण्यात आलेल्या माहितीनुसार नागरिकांनी अशा फसवणुकीत गमावलेली रक्कम २०२३ मधील ७,४६५ कोटींवरून २०२४ मध्ये २२,८४५ कोटी रुपयांवर गेली. फसवणूक होताच १९३० वर कळविल्यास पैसे पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी गोठविता येतात. म्हणजे येथे तत्काळ नोंद हाच तपासाचा आणि वसुलीचाही मुख्य आधार आहे.

पुढील दिशा

वरील विवेचनावरून काही उपाय सुचतात.

१. ठाण्यांचे मूल्यमापन नोंदलेल्या गुन्ह्यांच्या घटीवरून करण्याची प्रथा बंद करावी. त्याऐवजी नोंदीस लागलेला वेळ, तपासाचा दर्जा, परत मिळालेला मुद्देमाल आणि तक्रारदाराचे समाधान हे निकष असावेत.

२. घरोघरी जाऊन 'गेल्या वर्षभरात आपल्यावर कोणता गुन्हा घडला?' असे विचारणारी राष्ट्रीय पाहणी नियमितपणे व्हावी. तिच्या आधारे घडलेले आणि नोंदलेले गुन्हे यांतील अंतर कळेल. हे अंतर कमी करणारे राज्य उत्तम, असे मानले जावे.

३. मोठ्या शहरांत स्वतंत्र तपास शाखा उभारून तिला बंदोबस्तातून मुक्त ठेवावे.

४. रिक्त पदे भरताना महिला अधिकारी आणि न्यायवैद्यक तज्ज्ञ यांना प्राधान्य द्यावे.

५. आरोपपत्रांचे प्रमाण वाढविण्याचा दबाव मारहाणीकडे वळू नये, यासाठी ठाण्यांतील कॅमेऱ्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी दिलेल्या आदेशाचे काटेकोर पालन व्हावे. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा ठरत नाही. त्यामुळे भौतिक पुरावा गोळा करणे हाच तपासाचा खरा मार्ग आहे.

समारोप

एखाद्या जिल्ह्यात दवाखाना सुरू झाल्यावर रुग्णांची नोंद वाढते, म्हणून तेथे रोगराई वाढली असे कोणी म्हणत नाही. जे आजार पूर्वी अंगावर काढले जात, ते आता उपचारासाठी येऊ लागले, असाच आपण त्याचा अर्थ लावतो. पोलीस ठाण्याकडेही याच दृष्टीने पाहावयास हवे. येत्या काही वर्षांत सुधारणांना खरोखर गती आली, तर प्रारंभी गुन्ह्यांचे आकडे वाढलेले दिसतील. त्या वेळी राज्यकर्त्यांनी, प्रसारमाध्यमांनी आणि नागरिकांनी संयम राखणे आवश्यक आहे. आकडा कमी दाखविण्यासाठी एखाद्या मजुराला ठाण्याच्या दारातून परत पाठविले जाणार नाही, एवढी हमी मिळाली तरी तो विकासाच्या वाटेवरील मोठा टप्पा ठरेल.